दुहेरी मूळ आलं की काय करायचं? रिकरन्स सोडवण्याची पायरीपायरीने ओळख

रिकरन्स म्हणजे क्रमिकेचं प्रत्येक पद मागच्या पदांवरून सांगणारं समीकरण. ते सोडवायला, म्हणजे कोणतंही पद थेट देणारं सूत्र काढायला, शिकताना सुरुवात सोपी जाते. लाक्षणिक समीकरण मांडायचं, त्याची दोन मुळे काढायची, दोन स्थिरांक शोधायचे आणि उत्तर लिहून मोकळं व्हायचं. मग एखादं उदाहरण असं येतं की वर्ग समीकरणाची दोन्ही मुळे एकच निघतात. अशा वेळी सांगितलं जातं, "दुसऱ्या पदाला न-ने गुणा." का गुणायचं, हे बहुतेक ठिकाणी सांगायचं राहूनच जातं. नियम पाठ करून परीक्षेपुरतं भागतं, पण तिहेरी मूळ आलं किंवा उजवीकडे एखादं जादा पद आलं की पाठांतर कमी पडतं. तो न कुठून येतो हे एकदा कागदावर स्वतः करून पाहिलं, तर पुढची सगळी प्रकरणं त्याच एका गोष्टीतून निघतात. म्हणून या लेखात सूत्राआधी कारण आहे.

चिन्हांचं आधी ठरवून घेऊ. अ(न) म्हणजे क्रमिकेचं न क्रमांकाचं पद, आणि मोजणी ० पासून. घातासाठी ^ हे चिन्ह, म्हणजे २^३ = ८. मूळ र, आणि शोधायचे स्थिरांक क, ख, ग.

आधी वेगळी मुळे, झरझर

समजा रिकरन्स असा आहे:

अ(न) = ५अ(न−१) − ६अ(न−२)

प्रत्येक पद मागच्या दोन पदांवरून ठरतं. अ(न) = र^न असेल असं धरून पाहायचं. ते वर ठेवलं आणि दोन्ही बाजूंना र^(न−२) ने भागलं की उरतं:

र^२ − ५र + ६ = ०

हेच लाक्षणिक समीकरण. मुळे २ आणि ३. म्हणून २^न हे एक उत्तर, ३^न हे दुसरं, आणि अशा रिकरन्समध्ये उत्तरांना स्थिरांकांनी गुणून बेरीज केली तरी ती उत्तरच राहते. सामान्य उत्तर क×२^न + ख×३^न.

इथे क्षणभर थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. या रिकरन्सची क्रमिका पूर्ण ठरायला किती माहिती लागते? अ(०) आणि अ(१), एवढीच. ही दोन पदं तुम्ही हवी ती निवडू शकता, पुढची आपोआप येतात. म्हणजे निवडीचं स्वातंत्र्य दोन आकड्यांचं आहे, आणि म्हणून सामान्य उत्तरात एकमेकांपासून स्वतंत्र असे दोन स्थिरांक हवेतच. तीन मागची पदं असतील तर तीन. फिबोनाची क्रमिकेचं (प्रत्येक पद मागच्या दोन पदांची बेरीज) समीकरण र^२ = र + १; त्याचीही मुळे वेगळी, त्यामुळे तिथे काही अडत नाही.

अडतं ते इथे

अ(न) = ४अ(न−१) − ४अ(न−२), अ(०) = ३, अ(१) = १०

लाक्षणिक समीकरण र^२ − ४र + ४ = ०, म्हणजे (र − २)^२ = ०. मूळ २, पण दोनदा. सवयीने क×२^न + ख×२^न असं लिहून पाहा. न = ० ठेवल्यावर क + ख = ३ मिळतं. न = १ ठेवल्यावर २(क + ख) = १०, म्हणजे क + ख = ५. एकच बेरीज ३ आणि ५ दोन्ही असू शकत नाही. दिसायला स्थिरांक दोन होते, पण ते नेहमी एकत्रच येतात, म्हणून प्रत्यक्षात स्थिरांक एकच. दुसरं स्वतंत्र उत्तर अजून सापडलेलं नाही.

आता सूत्र बाजूला ठेवा आणि पदं काढा. अ(२) = ४×१० − ४×३ = २८. अ(३) = ११२ − ४० = ७२. अ(४) = २८८ − ११२ = १७६. क्रमिका ३, १०, २८, ७२, १७६ अशी चालली आहे.

तिच्यात २^न दडलेलं असणार असा संशय आहेच, तर तो काढून टाकू. पदांना अनुक्रमे १, २, ४, ८, १६ ने भागा:

३, ५, ७, ९, ११

ही सरळ अंकगणिती श्रेढी आहे. न व्या जागी ३ + २न. म्हणून अ(न) = (३ + २न)×२^न. न = ४ ठेवून पाहा: ११×१६ = १७६. जुळलं. न-ने गुणण्याचा नियम कोणी न सांगताच तो न समोर आला.

तो न कुठून आला

हे फक्त या आकड्यांपुरतं खरं नाही, हे दाखवायला फार खटपट लागत नाही. दुहेरी मूळ र असेल तर समीकरण (क्ष − र)^२ = ० असतं, आणि रिकरन्स असा असतो:

अ(न) = २र×अ(न−१) − र^२×अ(न−२)

आत्ता आकड्यांत केलं तेच अक्षरांत करा. अ(न) = र^न × ब(न) असं लिहा. यात ब(न) म्हणजे भागाकारानंतर उरणारी क्रमिका. ठेवल्यावर प्रत्येक पदात र^न येतं. र शून्य नसल्याने ते छेदून टाकता येतं. उरतं:

ब(न) = २ब(न−१) − ब(न−२)

एक ब(न−१) डावीकडे नेला की:

ब(न) − ब(न−१) = ब(न−१) − ब(न−२)

लगतच्या दोन पदांतला फरक प्रत्येक वेळी तोच. अंकगणिती श्रेढीची व्याख्याच ही. म्हणून ब(न) = क + खन, आणि

अ(न) = (क + खन)×र^न

ही सिद्धता पूर्ण आहे. यात अंदाज नाही आणि "चालून जातं म्हणून घ्या" असंही काही नाही. हे एकच सूत्र का, दुसरं का नाही, याचंही उत्तर यातच आहे: दुसरा काही पर्याय उरतच नाही. मला दुहेरी मुळाच्या सगळ्या स्पष्टीकरणांमध्ये हे सर्वात आवडतं, कारण शाळेत शिकलेल्या श्रेढीपलीकडे काहीच लागत नाही.

दुसऱ्या बाजूने बघायचं असेल तर दोन मुळे एकमेकांच्या अगदी जवळ आणून पाहा. मुळे २ आणि २.०१ असू द्या. बेरीज ४.०१, गुणाकार ४.०२, म्हणून रिकरन्स अ(न) = ४.०१अ(न−१) − ४.०२अ(न−२). सुरुवात अ(०) = ०, अ(१) = १. मुळे वेगळी असल्याने उत्तर नेहमीच्या पद्धतीने येतं:

अ(न) = (२.०१^न − २^न) / ०.०१

पदं काढली तर ०, १, ४.०१, १२.०६, ३२.२४, ८०.८० अशी येतात (दोन दशांश स्थळांपर्यंत). आता मुळे खरोखर एक करा, म्हणजे ४अ(न−१) − ४अ(न−२), आणि सुरुवात तीच ठेवा: ०, १, ४, १२, ३२, ८०. हे न×२^(न−१) आहे. ज्यांना कॅलक्युलस येतं त्यांनी वरचा भागाकार ओळखला असेल. अंतर शून्याकडे नेलं की तो र^न चा डेरिव्हेटिव्ह होतो, आणि र^न चा र-सापेक्ष डेरिव्हेटिव्ह न×र^(न−१) असतो. दोन वेगळी उत्तरं एकमेकांत मिसळतात तेव्हा त्यांच्यातला सूक्ष्म फरक शिल्लक राहतो, आणि तोच दुसरं उत्तर बनतो.

यातून कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी निघते. मुळे जवळजवळ समान असतील तेव्हा स्थिरांक फार मोठे येतात; वरच्या उदाहरणात ते १०० आणि −१०० आहेत. मोठ्या संख्यांची वजाबाकी करून छोटं उत्तर काढताना दशांश स्थळांची अचूकता झपाट्याने जाते. अशा वेळी सूत्रापेक्षा रिकरन्स एकेक पद पुढे नेत चालवणं अधिक भरवशाचं.

पायऱ्या, एका पूर्ण उदाहरणावर

उदाहरण मुद्दाम ऋण मुळाचं घेतो, कारण चिन्हांचा घोळ तिथेच होतो.

अ(न) = −६अ(न−१) − ९अ(न−२), अ(०) = २, अ(१) = −३

पायरी १. सगळी पदं एका बाजूला आणा: अ(न) + ६अ(न−१) + ९अ(न−२) = ०. ही पायरी मनातल्या मनात उरकू नका. लाक्षणिक समीकरणातली बरीच गडबड बाजू बदलताना चिन्ह न बदलल्यामुळे होते.

पायरी २. समीकरण लिहा: र^२ + ६र + ९ = ०. सर्वात मागच्या पदाचा सहगुणक हा सुटा आकडा, त्याच्या पुढच्याचा र चा सहगुणक, असं ओळीने.

पायरी ३. मुळे काढा. विवेचक ३६ − ३६ = ०, म्हणजे मूळ दुहेरी. (र + ३)^२ = ०, र = −३.

पायरी ४. सामान्य उत्तर लिहा: अ(न) = (क + खन)×(−३)^न. कंस दोन्हीकडे हवेत. −३^न असं लिहिलं तर त्याचा अर्थ ३^न ला उणे चिन्ह असा होतो आणि प्रत्येक दुसरं पद चुकतं.

पायरी ५. सुरुवातीची पदं ठेवा. न = ० ला क = २. न = १ ला −३(२ + ख) = −३, म्हणून ख = −१. दुहेरी मुळाची एक सोय लक्षात घ्या: न = ० ठेवताच ख चं पद नाहीसं होतं आणि क थेट मिळतो, त्यामुळे एकसामयिक समीकरणं सोडवायची गरजच पडत नाही.

अ(न) = (२ − न)×(−३)^न

पायरी ६. पडताळा. सुरुवातीची दोन पदं जुळणारच, कारण ती आपणच ठेवली. खरी परीक्षा त्यानंतरच्या पदांची. रिकरन्सवरून अ(२) = १८ − १८ = ०, सूत्रावरून (२ − २)×९ = ०. अ(३) रिकरन्सवरून ० + २७ = २७, सूत्रावरून (−१)×(−२७) = २७. दोन पदं जुळली की निर्धास्त व्हायला हरकत नाही.

सुरुवात अ(०) ऐवजी अ(१) आणि अ(२) पासून दिली असेल तर दोन मार्ग आहेत. एक, रिकरन्स उलटा चालवून अ(०) काढा. दुसरा मला जास्त सोयीचा वाटतो: उत्तर (क + ख(न−१))×र^(न−१) या रूपात मांडा, म्हणजे न = १ ठेवल्यावर पुन्हा फक्त क उरतो.

मुळे तीन, त्यातली दोन सारखी

अ(न) = ४अ(न−१) − ५अ(न−२) + २अ(न−३), अ(०) = १, अ(१) = ३, अ(२) = ८

समीकरण र^३ − ४र^२ + ५र − २ = ०. तिसऱ्या घाताचं समीकरण पाहून बिचकू नका. सहगुणक पूर्णांक असतील आणि पहिला सहगुणक १ असेल, तर पूर्णांक मूळ हे शेवटच्या आकड्याचं विभाजकच असू शकतं. इथे ±१ किंवा ±२. र = १ ठेवा: १ − ४ + ५ − २ = ०. सापडलं. संश्लेषक पद्धतीने (र − १) ने भागलं की र^२ − ३र + २ उरतं, आणि त्याचे अवयव (र − १)(र − २). म्हणजे एकूण (र − १)^२ (र − २) = ०.

मूळ दुहेरी आहे का हे भागाकाराआधीच तपासायचं असेल तर समीकरणाचा डेरिव्हेटिव्ह घ्या: ३र^२ − ८र + ५. त्यात र = १ ठेवलं तर ३ − ८ + ५ = ०. मूळ समीकरण आणि डेरिव्हेटिव्ह दोन्ही शून्य करणारं मूळ पुनरावृत्तच असतं.

उत्तराचं रूप (क + खन)×१^न + ग×२^न. आता १^न म्हणजे १, म्हणून ते लिहिताना क + खन + ग×२^न असं उरतं. नवख्यांना इथे क + खन हा तुकडा परका वाटतो, "याला मूळ कुठे आहे?" असा प्रश्न पडतो. मूळ आहे, ते १ आहे, म्हणून दिसत नाही. सुरुवातीची पदं ठेवा:

क + ग = १
क + ख + २ग = ३
क + २ख + ४ग = ८

दुसऱ्यातून पहिलं वजा केलं तर ख + ग = २; तिसऱ्यातून दुसरं वजा केलं तर ख + २ग = ५. म्हणून ग = ३, ख = −१, क = −२. उत्तर अ(न) = ३×२^न − न − २. पडताळा: रिकरन्सवरून अ(३) = ३२ − १५ + २ = १९; सूत्रावरून २४ − ३ − २ = १९.

तिहेरी मूळ आलं तर मघाचीच युक्ती. र^न ने भागल्यावर उरलेल्या क्रमिकेत आता फरकांचे फरक स्थिर असतात, आणि अशी क्रमिका म्हणजे न ची द्विघाती बहुपदी. म्हणून (क + खन + गन^२)×र^न. वर्गसंख्या घ्या: ०, १, ४, ९, १६. त्या अ(न) = ३अ(न−१) − ३अ(न−२) + अ(न−३) हा रिकरन्स पाळतात: ३×९ − ३×४ + १ = १६. याचं समीकरण (र − १)^३ = ०, आणि वर्गसंख्या त्या द्विघाती कुटुंबातल्याच. मूळ म वेळा आलं तर न ची बहुपदी म−१ घातापर्यंत जाते, म्हणजे स्थिरांक बरोबर म. मोजणी कुठेच कमी-जास्त होत नाही.

संमिश्र मुळेही दुहेरी असू शकतात. अ(न) = −२अ(न−२) − अ(न−४) चं समीकरण (र^२ + १)^२ = ०. त्याचं एक उत्तर न×साइन(न×९०°), म्हणजे ०, १, ०, −३, ०, ५, ०, −७ असं पुढे. नियम तोच; र^न च्या जागी साइन आणि कोसाइन आले एवढंच.

उजवीकडे जादा पद आलं तर

अ(न) = २अ(न−१) + २^न, अ(०) = १

अशा वेळी जादा पदाचा हिशोब भागवणारं एक उत्तर ग×२^न असेल असा अंदाज बांधायला शिकवलं जातं. पण २^न हे तर जादा पद नसलेल्या रिकरन्सचंच उत्तर आहे. ठेवून पाहा, डावीकडून उजवीकडचा २अ(न−१) वजा केला की शून्य येतं आणि २^न बिनहिशोबी राहतं. म्हणून अंदाज ग×न×२^न.

हा नवा नियम नाही. रिकरन्स एकदा न साठी लिहा आणि एकदा न−१ साठी:

अ(न) − २अ(न−१) = २^न
अ(न−१) − २अ(न−२) = २^(न−१)

खालच्याची दुप्पट वरच्यातून वजा करा. उजवी बाजू शून्य होते आणि उरतं अ(न) = ४अ(न−१) − ४अ(न−२). आपलंच जुनं दुहेरी मूळ. जादा पदाने स्वतःचं मूळ २ सोबत आणलं, ते आधीच्या २ ला जाऊन मिळालं. अ(०) = १ आणि अ(१) = ४ ठेवून उत्तर (न + १)×२^न येतं: १, ४, १२, ३२.

मागचं मूळ आधीच दुहेरी असेल तर जादा पद ते तिहेरी करतं, मग अंदाज ग×न^२×र^न. उदाहरणार्थ अ(न) = ४अ(न−१) − ४अ(न−२) + २^न मध्ये ग = १/२ निघतो.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी हा न आधीच पाहिलेला आहे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या मर्ज सॉर्टमध्ये यादीचे दोन अर्धे करतात, दोन्ही वेगवेगळे क्रमाने लावतात आणि मग एकत्र करतात. यादीत २^न घटक असतील तर एकत्र करायला साधारण २^न पावलं लागतात, म्हणून ट(न) = २ट(न−१) + २^न, ट(०) = ०. उत्तर न×२^न. यादीची लांबी २^न आहे, म्हणजे न हा लांबीचा २ पायाचा लॉग. १,०२४ घटकांसाठी न = १०, पावलं सुमारे १०,२४०. मर्ज सॉर्टच्या वेळेत लांबीला गुणणारा जो लॉग सगळे पाठ करतात, तो दुहेरी मुळाचा न आहे. एक अर्धा दुसऱ्यासारखाच आणि जोडणीचा खर्चही तेवढ्याच पटीने वाढणारा, म्हणून मुळे जुळतात. जोडणीचा खर्च ३^न असता तर मुळे वेगळी राहिली असती आणि लॉग आलाच नसता.

नाणं उडवत चालणं

दुहेरी मूळ १ चं सर्वात सुंदर रूप संभाव्यतेत भेटतं. ० ते १० अशा ठिकाणांच्या रांगेत कोणी न या ठिकाणी उभं आहे. नाणं उडवायचं, छापा आला तर एक पाऊल उजवीकडे, काटा आला तर डावीकडे. ० च्या आधी १० गाठण्याची संभाव्यता प(न) किती? पहिल्या पावलानंतरचा विचार केला की:

प(न) = (१/२)प(न−१) + (१/२)प(न+१)

म्हणजे प(न+१) − २प(न) + प(न−१) = ०. मूळ १, दुहेरी. उत्तर क + खन. इथे सुरुवातीची दोन पदं दिलेली नाहीत, टोकं दिली आहेत: प(०) = ० आणि प(१०) = १. म्हणून प(न) = न/१०. तिसऱ्या ठिकाणावरून सुरुवात केली तर संभाव्यता ०.३.

नाणं थोडं झुकतं करा, उजवीकडे जाण्याची संभाव्यता ०.६. आता समीकरण ०.६र^२ − र + ०.४ = ०, मुळे १ आणि २/३. दुहेरी मूळ फुटलं. उत्तर (१ − (२/३)^न) / (१ − (२/३)^१०), आणि तिसऱ्या ठिकाणावरून संभाव्यता ०.३ वरून थेट ०.७२ च्या आसपास जाते. निःपक्ष नाणं म्हणजे नेमका तो बिंदू जिथे दोन मुळे एकत्र येतात, आणि म्हणून तिथे वक्र सूत्राच्या जागी सरळ रेषा मिळते.

सरासरी किती पावलांत हा खेळ संपेल? त्याला व(न) म्हणू. निःपक्ष नाण्यासाठी व(न) = १ + (१/२)व(न−१) + (१/२)व(न+१), म्हणजे व(न+१) − २व(न) + व(न−१) = −२. जादा पद −२ हे −२×१^न आहे आणि १ तर आधीच दुहेरी मूळ, म्हणून अंदाज ग×न^२. न^२ च्या फरकांचा फरक २ असतो, म्हणून ग = −१. टोकांना व(०) = व(१०) = ० ठेवून व(न) = न(१० − न). तिसऱ्या ठिकाणावरून सरासरी २१ पावलं, मधून २५.

हेच चित्र गणितात इतरत्रही दिसतं. स्प्रिंगला लटकवलेलं वजन डोलू न देता लवकरात लवकर स्थिर करायचं असतं तेव्हा डॅम्पिंग (डोलणं रोखणारा विरोध) जिथे ठेवतात, तिथे डिफरन्शियल समीकरणाची मुळे एकत्र येतात आणि उत्तरात वेळेने गुणलेलं पद उगवतं. रिकरन्स मॅट्रिक्सच्या रूपात लिहिला तर दुहेरी मुळाला स्वतंत्र आयगेनव्हेक्टर (मॅट्रिक्सने गुणल्यावर फक्त पटीत बदलणारा व्हेक्टर) एकच मिळतो, आणि कमी पडलेल्या दुसऱ्याची जागा गणितज्ञ कामी जॉर्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रूपातला कर्णाबाहेरचा १ घेतो.

हाताने करून पाहण्यासाठी

पहिलं: अ(न) = ६अ(न−१) − ९अ(न−२), अ(०) = १, अ(१) = ९. उत्तर (१ + २न)×३^न येईल.

दुसरं: अ(न) = २अ(न−१) − अ(न−२), अ(१) = २, अ(२) = ३. कर्णावर सगळे २ आणि त्याच्या लगतच्या दोन्ही तिरक्या ओळींत −१, बाकी सगळीकडे ० असलेल्या मॅट्रिक्सचा निश्चयक असाच वाढतो. उत्तर न + १.

तिसरं: अ(न) = ६अ(न−१) − १२अ(न−२) + ८अ(न−३), सुरुवात १, ४, २०. आधी २^न ने भागून तीन आकडे मिळवा, मगच स्थिरांकांना हात घाला. उत्तर (१ + न^२)×२^न.

चौथं: अ(न) = ३अ(न−१) + ३^न, अ(०) = २. हे दोन्ही मार्गांनी करा: आधी ग×न×३^न चा अंदाज बांधून, मग लगतच्या दोन ओळी वजा करून जादा पद घालवून. दोन्हीकडे (न + २)×३^न यायला हवं; नाही आलं तर अ(१) = ९ आणि अ(२) = ३६ यांच्याशी ताडून चूक कोणत्या ओळीत शिरली ते शोधा.